सव्वादोन तोळे शिसं

४०५ ग्रेन म्हणजे बरोबर सव्वादोन तोळे. अमेरिकी लष्कराने १८७३ साली स्वीकारलेल्या ४५-७० या काडतुसाची मूळ शिशाची गोळी एवढ्या वजनाची होती. ४५ हा नळीच्या व्यासाचा आकडा, इंचाच्या शतांशांत. आणि ७० म्हणजे गोळीमागे भरलेली काळी दारू, ग्रेनमध्ये. हा तोळ्याचा हिशेब मला कागदावर करावा लागला नाही. ब्रिटिश अमदानीतला चांदीचा रुपया १८० ग्रेनचा, तोच एक तोळा. तोळ्याचे बारा मासे, माशाच्या आठ गुंजा. सोनाराच्या घरात वाढलेल्या मुलाला हे पाढ्यांसारखं येतं.

आजोबांचं दुकान कुडाळ तालुक्यातल्या एका गावात, घराच्या ओटीवरच. १९५६च्या कायद्याने देशात मेट्रिक मापं आणली, दुकानात ग्रॅमची पितळी वजनंही आली. पण आजोबांच्या तोंडी शेवटपर्यंत गुंजच राहिली. लाल, काळ्या ठिपक्याची ती बी ते डबीत जपून ठेवत. पारड्यात सोनं पडलं की घरातलं बोलणं थांबायचं. "काटा थांबल्याशिवाय तोंड उघडायचं नाही," हा त्यांचा दंडक गिऱ्हाइकालाही लागू होता.

शेजारच्या तात्यांकडे ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. काजूच्या आणि नाचणीच्या दिवसांत रात्री डुकरं उतरायची, मग तात्या ओट्यावर बसून बार भरायचे. बांबूच्या कांड्याचं एक छोटं माप, ते भरून दारू नळीत, वर काथ्याचा बोळा, गजाने ठासणी, मग छर्रे, पुन्हा बोळा. मला ते पाहायला मनाई नव्हती, हात लावायला होती. तात्या दारू तोलून का घेत नाहीत, असं मी आजोबांना विचारलं होतं. ते म्हणाले, "त्याची दारू मापानं भागते रे, माझं सोनं नाही भागत."

हे उत्तर किती नेमकं होतं, ते मला फार पुढे कळलं. काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांचं मिश्रण. ती आजही आकारमानाने मोजली तरी चालते, कारण तिच्यात शक्ती बेताची आणि पसारा मोठा. ४५-७०ची मूळ पितळी केस तिने जवळजवळ तोंडापर्यंत भरते, त्यामुळे जास्त भरायची म्हटली तरी जागा उरत नाही. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएयने नायट्रोसेल्युलोजची, धूर न होणारी दारू सिद्ध केली आणि हे सगळं पालटलं. नवी दारू थोडक्यात खूप काम करते. शिवाय तिचं जळणं दाबावर अवलंबून असतं: दाब वाढला की ती जास्त वेगाने जळते आणि जास्त वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. तात्यांचं कांड्याचं माप इथे जीव घेईल. इथे सोनाराचा काटाच लागतो.

कॉलेजात एन.सी.सी.मध्ये .२२ने नेम धरला तो तेवढाच. तिथे झाडलेल्या प्रत्येक काडतुसाची रिकामी केस मोजून परत द्यावी लागे आणि एक जरी कमी भरली तरी सगळी तुकडी वाकून गवत धुंडाळत राही. रिकाम्या पितळेबद्दल तिथे मनात बसलेला आदर अमेरिकेत, घरी काडतुसं भरताना, भलत्याच कारणाने कामी आला. काडतुसाच्या चार भागांपैकी, म्हणजे केस, ठिणगी देणारा प्रायमर, दारू आणि गोळी यांपैकी, केस हीच महाग आणि तीच पुन्हा वापरता येणारी. नीट सांभाळली तर ती अनेकदा भरता येते. प्रेसवर डायमधून काढून ती मापात आणायची, तोंड किंचित फाकवायचं, नवा प्रायमर बसवायचा, बार भरायचा, गोळी बसवायची आणि तोंड आवळायचं. शेवटच्या पायरीला ४५-७०मध्ये फार महत्त्व आहे. माझी मार्लिन १८९५ ही लिव्हरची रायफल, तिच्या नळकांडी मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक ओळीने बसतात. तोंड सैल राहिलं तर धक्क्याने गोळी आत सरकते. आणि गोळीचं नाक टोकदार असेल तर ते पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर टेकतं, म्हणून चपट्या नाकाचीच गोळी घ्यायची.

रसायनशास्त्र शिकून मी नोकरीसाठी कॅन्सस सिटीला आलो, तेव्हा आपण या धंद्याच्या पंढरीत उतरलो आहोत याची मला कल्पनाही नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराची उरलेली दारू विकत घेऊन घरी काडतुसं भरणाऱ्यांना विकणारे ब्रूस हॉजडन याच परिसरातले. त्यांची कंपनी आजही राज्याच्या सीमेपलीकडे, शॉनी गावात आहे. दीड तासावरच्या सिडेलियात सिएराच्या गोळ्या आणि स्टारलाइनच्या केसेस बनतात. ग्रीन कार्ड आल्यावर मी ती जुनी मार्लिन घेतली. रेंजवर भेटणाऱ्या एका वृद्ध मशिनिस्टने मला हे काम शिकवलं. शिकवायला बसले की आधी रेडिओ बंद करत. सुरुवातीचे अनेक आठवडे त्यांनी मला दारूच्या डब्याचं झाकणसुद्धा उघडू दिलं नाही. फक्त केस साफ करायच्या आणि मॅन्युअल वाचायचं.

४५-७०चं मॅन्युअल वाचायला निराळी शिस्त लागते. एकाच काडतुसाची तीन कोष्टकं असतात. पहिलं १८७३च्या ट्रॅपडोअर स्प्रिंगफील्डसाठी, कारण तिचं लोखंड जुनं आणि कुलूप कमजोर. काडतुसाची अधिकृत दाबमर्यादा तिच्याच बेताने चौरस इंचाला २८,००० पौंड धरलेली आहे. दुसरं कोष्टक लिव्हरच्या नव्या रायफलींसाठी, तिसरं रुगर नंबर वनसारख्या भक्कम एकबारी रायफलींसाठी. पितळ तेच, गोळी तीच, बाहेरून काडतूस ओळखू येणार नाही, पण तिसऱ्या कोष्टकातला बार पहिल्या रायफलीत गेला तर ती फुटू शकते. म्हणून माझ्या प्रत्येक डब्यावर मोठ्या अक्षरांत रायफलीचं नाव असतं.

दारू निवडताना नवखा माणूस विचारतो, जोरदार कुठली? प्रश्न जोराचा नसतोच, प्रश्न जळण्याच्या गतीचा असतो. बारीक नळीच्या, मोठ्या केसच्या रायफलीत गोळीमागची पोकळी हळू वाढते, तिथे सावकाश जळणारी दारू हवी. ४५-७०ची नळी रुंद, केस सरळसोट. गोळी हलली रे हलली की मागची जागा झपाट्याने वाढते. सावकाश जळणारी दारू तिथे मागे पडते. दाब धरत नाही, अर्धवट जळलेले दाणे नळीत राहतात आणि वेग दर बाराला बदलतो. म्हणून इथे रायफलच्या दारूंपैकी त्यातल्या त्यात चपळ गटातली लागते: आयएमआर ३०३१, ४१९८, रीलोडर ७, व्हार्गेट. गोळी हलकी असेल तर आणखी चपळ, जड असेल तर जरा सबुरीची.

मग पसारा पाहायचा. युनिकसारखी पिस्तुलाची दारू घेऊन सौम्य बार भरता येतो, पण ती केसच्या तळाशी चिमूटभर बसते. दोनदा पडली तरी वरून चटकन लक्षात येत नाही. आणि रायफल खाली झुकवून वर आणली की उंच करून खाली आणली, म्हणजे दारू गोळीकडे सरकली की प्रायमरकडे, यावरही वेग बदलतो. ३०३१ तशी नाही. ती केस बरीचशी भरते, दुप्पट पडली तर सांडून बाहेर येईल. तिचे दाणे मात्र लांबट, कापलेल्या शेवयांसारखे. मापाच्या यंत्रात अडकतात, दांडा फिरवताना करकर वाजतात, म्हणून शेवटचे काही दाणे चिमटीने काट्यावर टाकावे लागतात. गोल दाण्यांची बॉल पावडर पाण्यासारखी ओघळते, काम भराभर होतं. तरीही मी ३०३१ घेतली. १९३४पासून चालत आलेली ही दारू या केससाठी मला आजही सर्वांत प्रामाणिक वाटते, आणि तोलण्याचा कंटाळा असेल त्याने हे काम करू नये असं माझं ठाम मत आहे.

बार ठरवणं म्हणजे कोष्टकातल्या कमाल आकड्याकडे धावणं नव्हे. कमाल आकड्यापेक्षा साधारण दहा टक्के खालून सुरुवात करायची, अर्ध्या-अर्ध्या ग्रेनने वर जायचं. प्रत्येक पायरीवर काही फैरी, प्रत्येक फैरीचा वेग यंत्रावर, प्रत्येक भोक कागदावर. अर्धा ग्रेन म्हणजे पाव गुंजेपेक्षा थोडा जास्त, तेवढ्यानेही फरक दिसतो. इतर काडतुसांत प्रायमर चपटा झाला की दाब वाढला असं समजतात. ४५-७०मध्ये या खुणेवर विसंबता येत नाही, कारण ती दिसेपर्यंत जुन्या रायफलीची मर्यादा कधीच ओलांडलेली असते. कोष्टक आणि वेग, दोन्हींपैकी एकानेही थांब म्हटलं की थांबायचं.

माझ्या रायफलीचं गणित कमाल आकड्याच्या बरंच खाली जमलं. तिथे भोकं एकमेकांना चिकटली. पुढच्या पायऱ्यांवर ती पांगत गेली, आणि त्यात दारूइतकाच वाटा माझ्या खांद्याचाही असणार. एवढ्या वजनाची गोळी सुटताना रायफल ज्या जोराने मागे येते, त्याची वाट पाहणारं शरीर घोडा ओढण्याआधीच आखडतं. मूळ काळ्या दारूचा वेग सेकंदाला सुमारे १३०० फूट होता. माझा त्याहून थोडाच जास्त आहे. तो आकडा मी इथे लिहीत नाही, रेंजवर कोणी मागितला तरी देत नाही. तो एका रायफलीचा, एका दारूच्या एका डब्याचा आणि मिसूरीच्या एका ऋतूचा आहे. दुसऱ्याच्या रायफलीत तो निव्वळ ऐकीव माहिती ठरतो.

ऋतूचं मी उगीच म्हणत नाही. जानेवारीत इथे पाणी गोठतं, जुलैत पारा पस्तिशी ओलांडतो. तोच बार हिवाळ्यात मंद आणि उन्हाळ्यात तापट निघतो. हा अनुभव इंग्रजांनी हिंदुस्थानातच घेतला होता. कॉर्डाइट ही दोरीच्या तुकड्यांसारखी दारू, १८८९ची. तिच्यावर चालणाऱ्या जाड दुनळी रायफली इंग्लंडच्या थंडीत बेतलेल्या. आपल्याकडच्या उन्हात दाब चढू लागला, तेव्हा कारखान्यांनी उष्ण प्रदेशांसाठी कमी कॉर्डाइटची काडतुसं वेगळी काढली. जिम कॉर्बेट यांची .४५०/४०० याच घराण्यातली. १९०७ साली सरकारने .४५० जाडीच्या रायफलींना हिंदुस्थानात बंदी घातली, कारण त्या मापाच्या गोळ्या चोरीच्या मार्टिनी-हेन्री रायफलींत वापरता येतील अशी भीती होती. या एका हुकुमामुळे .४७०, .५००/४६५ अशी नवी मापं जन्माला आली आणि पुढे आफ्रिकेतही रुजली. लहानपणी ज्यांची नावं शिकारकथांत वाचली, त्या रायफलींचे आकडे असे बेढब का, याचं उत्तर मला इथे, माझ्या काडतुसं भरण्याच्या तळघरात मिळालं.

शिकार मी करत नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्याने आपल्याकडे ती थांबली, याचं मला समाधान आहे. ४५-७०च्या वाट्यालाही काळोखा इतिहास आहे: हे काडतूस आलं तेच दशक अमेरिकेच्या मैदानांतून बायसन संपवण्याचं. मोंटानातल्या फोरसिथ गावी दर जूनमध्ये जुन्या धाटणीच्या रायफलींची क्विग्ली स्पर्धा भरते, लोखंडी निशाणांवर, शेकडो यार्डांवरून. तिथल्या गवताळ उतारावर उभं राहिलं की हे आठवल्यावाचून राहत नाही, आणि आठवावंच. लोखंडावर गोळी लागल्याचा ठण्ण आवाज दोन-तीन सेकंदांनी परत येतो, तेव्हा वाऱ्याचा अंदाज बरोबर होता एवढंच कळतं. मला तेवढं पुरतं.

२०२०नंतर दुकानांतल्या दारूच्या फळ्या रिकाम्या झाल्या. प्रायमर मिळेनात, ३०३१ दिसेना. लोक मिळेल तो डबा उचलत आणि मग त्याच्यासाठी काडतूस शोधत. मी माझं उरलेलं पुरवून वापरलं. आता माल पुन्हा येऊ लागला आहे. परवा माझी मुलगी, जी आता स्वतः भरते, नवा डबा घेऊन आली. व्हार्गेट आहे, ऑस्ट्रेलियात बनलेली, उन्हा-थंडीत कमी बदलणारी म्हणून तिने ती निवडली. माझ्या ३०३१वरच्या मायेपेक्षा तिचा निर्णय या हवेला जास्त योग्य आहे. तिने डब्यावरचा लॉट नंबर वहीत उतरवला, माझं जुनं पान उलटून बाजूला ठेवलं आणि कोष्टकाच्या तळापासून नवा तक्ता आखला: सगळ्यात खालचा बार, मग अर्धा ग्रेन, मग पुन्हा अर्धा. शनिवारी हवा कोरडी असेल तर पहिल्या तीन पायऱ्या झाडून बघायच्या आहेत.