वैशाखऱ्याच्या वाटेवरील कोयता

आमच्या घरीं खंडेनवमीच्या दिवशीं देवापुढें जीं हत्यारें मांडलीं जातात, त्यांत तलवार नाहीं, भाला नाहीं, कट्यारहि नाहीं. विळी, अडकित्ता, कातर, एक जुनी पटाशी आणि लहानशा पितळी डबींतून बाहेर निघणारा आजोबांचा चाकू, एवढीच काय ती आमची शस्त्रसंपत्ति. या चाकूनें आजोबा बोरू तासीत असत. चाकूची मूठ काळी व गुळगुळीत. पात्याची धार आंखल्याप्रमाणें सरळ. पाठ मात्र टोंकाकडे उतरत आलेली. आजोबा गेले, बोरूहि गेला, आणि चाकू डबींत जाऊन बसला. वर्षांतून एकदां त्याला गंधफूल मिळे आणि दसरा झाला कीं तो पुन्हां डबींत जाई. सांधा गंजलेला असल्यामुळें तो उघडण्याची कोणाची छाती होत नसे. आजोबांची वस्तु आपल्या हातून मोडली, हा बोल घरांत कोण लावून घेणार?

आमच्या धाकट्या बंधूंच्या चिरंजीवांस चाकू जमविण्याचा नाद आहे. कोणी तिकिटें जमवितो, कोणी नाणीं. हे चाकू जमवितात. आजोबांच्या चाकूचें कुळ आम्हांस त्यांच्याकडूनच समजलें. इंग्रजींत या घाटाच्या पात्यास 'लॅम्ब्जफूट', म्हणजे कोंकराचा पाय, असें म्हणतात. हा घाट इंग्लंडांतील शेफील्ड शहराचा. त्या शहराचा चाकूंविषयींचा लौकिक फार जुना आहे. चौदाव्या शतकांत होऊन गेलेल्या चॉसर कवीच्या कथेंतील एक गिरणीवाला शेफील्डचा चाकू जवळ बाळगून असतो. आणि तेथील कारागिरांचा संघ १६२४ सालीं कायद्यानें स्थापन झाला. या चाकूची धार सरळ असल्यामुळें फळीवर ठेवतांच सबंध पातें एकदम टेकतें. टोंक खालीं उतरलेलें असल्यामुळें तें भोसकण्याच्या कामीं निरुपयोगी. मेंढरांचे खूर तासतांना जनावरास इजा होऊं नये म्हणून अशा पात्यांची योजना झाली, असें सांगतात. आजहि इंग्लंड-अमेरिकेंत कांहीं हौशी मंडळी असा एकच चाकू निवडून तो वर्षभर खिशांत बाळगतात. फळें कापतां कापतां पोलादावर चढलेली करडी झांक आणि हातांत राहून मुठीस आलेली तकाकी ते एकमेकांस कौतुकानें दाखवितात. नवा चाकू विकत मिळतो, परंतु ही झांक विकत मिळत नाहीं, असें त्यांचें म्हणणें.

या हौशीस आम्ही हंसलों नाहीं. पुण्यास राजा दिनकर केळकर संग्रहालयांतील अडकित्ते ज्यानें पाहिले आहेत, त्याला अशा नादाची थोरवी निराळी सांगावयास नको. 'अज्ञातवासी' या नांवानें कविता लिहिणाऱ्या दि. गं. केळकरांनीं सुमारें १९२० पासून दिवे, कुलुपें, भांडीं आणि अडकित्ते गोळा केले, आणि अकालीं गेलेल्या राजा नांवाच्या आपल्या मुलाचें स्मारक म्हणून तो संग्रह उभा केला. ते अडकित्ते तेथें जमले नसते, तर त्यांतील बहुतेक मोडींत गेले असते. चिरंजीवांच्या नादाला आमची सहानुभूति होती ती याच कारणानें. तथापि संग्रह म्हणजे काय, याविषयीं आम्ही खरा धडा घेतला तो गेल्या माघांत वैशाखऱ्याच्या वाटेवर.

कल्याणहून मुरबाड, सरळगांव, टोकावडें अशीं गांवें मागें टाकीत माळशेज घाटाकडे जातांना वैशाखरें लागतें. समोर सह्याद्रीची भिंत आडवी उभी असते आणि तिच्यांतून 'नानाचा अंगठा' आभाळांत वर आलेला दिसतो. नाणेघाट चढूं इच्छिणारे लोक कोंकणाच्या बाजूनें येतात ते या गांवावरूनच. आम्हीहि घाटांतील सातवाहनांचा शिलालेख पाहण्याच्या इराद्यानें निघालों होतों. बरोबर पुतणे चिरंजीव आणि त्यांच्या खिशांत, थोरल्या वहिनींची परवानगी न घेतां डबींतून काढलेला, आजोबांचा चाकू.

म्हशाची पौषी पौर्णिमेची जत्रा नुकतीच आटोपली होती. रस्त्यानें नवीं घोंगडीं पांघरलेले लोक दिसत होते. हमरस्ता सोडून पायवाटेस लागतांच रानांत ठक्‌ ठक्‌ असा आवाज ऐकूं येऊं लागला. एक म्हातारे ठाकर गृहस्थ ऐनाच्या झाडावर चढून फांद्या तोडीत होते. आम्ही वाट विचारली तेव्हां ते खालीं उतरले. उतरण्यापूर्वीं त्यांचा हात कमरेमागें गेला आणि मुळींच न पाहतां कोयता तेथें अडकवून तो मोकळा झाला. लगेच दोन्ही हातांनीं खोडास कवळ घालून ते सरसर खालीं आले.

ज्या वस्तूंत तो कोयता जाऊन बसला, तिला आकडी म्हणतात. लांकडाचा हातभर नव्हे, वीतभरहि नव्हे असा तुकडा. त्याला मधोमध फट. दोरीनें तो कमरेस पाठीमागें बांधलेला. फटींतून पातें खालीं जातें व मूठ वर राहते. झाडावर चढतां-उतरतां दोन्ही हात मोकळे हवेत आणि हत्यार मात्र क्षणांत हातीं यावें, या दोन गरजा या लहानशा लांकडानें भागविल्या आहेत. कोयत्याचें पातें पुढें चोंचीसारखें वळलेलें. धार आंतल्या अंगास. लांकूड ओढून कापावयाचें हें हत्यार. टोंक खुपसण्याकरितां तें केलेलें नाहीं. शेफील्डचा चाकू आणि हा कोयता यांचें गोत्र एक आहे असें आम्हांस त्या क्षणीं वाटलें.

फांद्या कशासाठीं तोडतां, असें विचारतां "राबाला" एवढेंच उत्तर आलें. नागर वाचकांसाठीं याचा थोडा खुलासा करणें अवश्य आहे. या बाजूस भाताचें व नाचणीचें रोप टाकण्यापूर्वीं जमीन भाजतात. तोडलेल्या फांद्या, पातेरा, शेण, गवत व माती यांचे थर रचून उन्हाळ्याच्या अखेरीस ते पेटवितात. तण मरतें, राख खतास येते, आणि पहिल्या पावसाबरोबर तेथें बीं पडतें. झाड मुळापासून तोडावयाचें नसतें. फांदी पुन्हां फुटेल अशा बेतानें कोयता चालवावा लागतो. इंग्रजी अमलांत जंगलें राखीव झालीं तेव्हां याच कामावर निर्बंध आले, आणि पिढ्यान्‌पिढ्या रानांत कोयता घेऊन जाणारा माणूस गुन्हेगार ठरूं लागला. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील रयतेची जंगलाविषयींचीं गाऱ्हाणीं इतकीं वाढलीं कीं, त्यांच्या चौकशीसाठीं मुंबई सरकारला १८८५ सालीं एक आयोग नेमावा लागला. राबाचा प्रश्न त्या गाऱ्हाण्यांत होता. म्हणजे त्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या कमरेस जें लोंबत होतें, त्याकरितां त्यांच्या आज्या-पणज्यांना दंड भरण्याची पाळी आलेली असणें अगदीं शक्य आहे.

चिरंजीवांचे डोळे मात्र त्या आकडीवर खिळले होते. मूठ पिढीच्या हातानें काळवंडलेली, आकडीची फट झिजून गुळगुळीत झालेली. संग्राहकास याहून अधिक काय हवें? त्यांनीं खिशांतून नोटा काढल्या आणि कोयता आकडीसकट विकतां का, म्हणून विचारलें. आम्ही थोपविण्यापूर्वींच शब्द तोंडांतून गेले होते.

म्हातारबाबा रागावले नाहींत. त्यांनीं सरळपणें विचारलें, "ह्यो तुम्हांला दिला, तर उद्यां मीं झाडावर काय घेऊन चढूं, भाऊ?"

चिरंजीवांना उत्तर सुचेना. संकोच झांकण्यासाठीं असो वा अन्य कारणानें असो, त्यांनीं आजोबांचा चाकू काढून बाबांच्या हातांत दिला. बाबांनीं तो उघडला नाहीं, आधीं मुठीवरून आंगठा फिरविला, नखानें जरासें खरवडून वास घेतला, आणि म्हणाले, "म्हशीचं शिंग हाय."

आम्ही तें आजवर काळें लांकूड समजत आलों होतों! शेफील्डच्या मुठींना लागणारें म्हशीचें व सांबराचें बरेंचसें शिंग एके काळीं आपल्याच देशांतून जात असे, हें चिरंजीवांनीं आम्हांस सांगितलेलें होतें. परंतु हातांतल्या वस्तूशीं त्या माहितीची गांठ घालून दिली ती या माणसानें. मग त्यांनीं चाकूच्या सांध्यावर करंजेलाचे दोन थेंब सोडले. शिंगाच्या एका लहान नळींत तें तेल त्यांच्याजवळच होतें. थोडा वेळ चाकू उन्हांत ठेवला, आणि हलक्या हातानें पातें मागेंपुढें करीत तें सबंध उघडलें. आमचा श्वास कोंडला होता. कांहींहि मोडलें नाहीं. ओढ्याकांठच्या एका गुळगुळीत दगडावर पाणी टाकून त्यांनीं धार लावली, एक वाळकी काडी तासून पाहिली, आणि म्हणाले, "पाणी चांगलं दिल्यालं हाय. वापरीत जा."

लोहाराच्या भाषेंत 'पाणी देणें' म्हणजे तापलेलें पोलाद नेमक्या वेळीं बुडवून त्याला कठीणपणा आणणें. तें अधिक झालें तर धार तुटते, कमी झालें तर वळते. हल्लीं गांवोगांवचे लोहार मोटारीच्या जुन्या कमानपाट्यांपासून कोयते घडवितात. पोलाद कसलेंहि असो, त्याचें पाणी हाताला समजतें, आणि तो हात आमच्या घरांत कोणाचाच नव्हता.

आम्ही वर गेलों. घाटमाथ्याच्या गुहेंत राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा दोन हजार वर्षांमागचा ब्राह्मी लेख आहे. केलेले यज्ञ, दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण यांचे आंकडे त्यांत नोंदविले आहेत. आपल्या आजच्या अंकांचे पूर्वज तेथें भिंतीवर दिसतात. शेजारीं जकातीचा म्हणून दाखवितात तो दगडी रांजण. आम्ही अक्षरांपुढें पुष्कळ वेळ उभे राहिलों. परंतु त्या दिवशीं मन त्या दानांच्या यादीकडे लागेना. हा दगड ज्या छिनीनें कोरला, तिला धार लावणारा कोण होता, हेंच राहून राहून मनांत येत होतें.

परततांना बाबा पुन्हां भेटले. चिरंजीवांनीं या वेळीं निराळी विनंति केली: कोयता आम्ही लोहाराकडून नवा घडवून घेऊं, आकडी मात्र आपण करून द्यावी. बाबांनीं आठ दिवसांनीं यावयास सांगितलें. आठ दिवसांनीं चिरंजीव एकटेच गेले. आकडी तयार होती. ठरल्यापेक्षां अधिक पैसे बाबांनीं परत केले, आणि ती कमरेस कशी बांधावयाची हें दोन वेळां करून दाखविलें.

खरा प्रसंग पुढें घरींच उभा राहिला. नवा कोयता पाहतांच थोरल्या वहिनी कडाडल्या, "वर्तमानपत्रांत रोज काय वाचतां? कोयता म्हणे घरांत!" त्यांचेंहि चूक नव्हतें. २०२२-२३ पासून पुण्याच्या बातम्यांत 'कोयता' हा शब्द गुंडांच्या टोळ्यांना जोडून इतक्या वेळां छापला गेला आहे, कीं तो ऐकतांच गृहिणीच्या अंगावर कांटा यावा. आम्ही त्यांना १९५९ च्या शस्त्रकायद्याखालील नियम समजावून सांगितला: नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यास परवाना लागतो खरा, परंतु घरकामाचीं व शेतकामाचीं हत्यारें त्यांतून वगळलेलीं आहेत. वहिनी म्हणाल्या, "कायद्याचें राहूं द्या. तो कोणत्या कामाला आणलांत, तें सांगा."

हा प्रश्न बाबांच्या प्रश्नाचाच सख्खा भाऊ होता. चिरंजीवांनीं बाबांचें बोलणें जसेंच्या तसें वहिनींना सांगितलें, चाकू डबींतून न विचारतां नेल्याचीहि कबुली दिली, आणि चाकू उघडून त्यांच्या हातीं ठेवला. सासऱ्यांच्या हातीं उघडा पाहिलेला तो चाकू वहिनींनीं किती वर्षांनीं पाहिला असेल! त्या कांहीं बोलल्या नाहींत. दुपारीं मात्र परसांतले नारळ सोलण्यासाठीं त्यांनींच चिरंजीवांना हांक मारली आणि कोयता घेऊन ये म्हणून सांगितलें.

त्यानंतर चिरंजीवांच्या कपाटांतील चाकूंची संख्या वाढलेली नाहीं. असलेल्या प्रत्येकाला तेल-पाणी मात्र नियमानें मिळतें. आजोबांचा चाकू त्यांच्या खिशांत असतो. त्यानें पेरू कापले जातात, मुलांच्या पेन्सिली तासल्या जातात, आणि पात्यावर हल्लीं करडी झांक धरूं लागली आहे. पितळी डबींत वहिनींनीं लवंगा भरल्या आहेत. येत्या खंडेनवमीस चाकूशेजारीं कोयता आणि आकडी मांडावयाचें ठरलें आहे, आणि दसऱ्याचें सोनें घेऊन वैशाखऱ्यास बाबांकडे जावयाचें आहे. या खेपेस वहिनीहि येणार आहेत.