मागावरचं घर

मरीन ड्राइव्हच्या एखाद्या फ्लॅटचे फोटो काढायला गेलो की पहिला तासभर मी हमाली करतो. औषधांच्या पट्ट्या, चार्जर, फ्रीजवर चिकटवलेली बिलं, दाराआडच्या चपला, सगळं बाहेर. मग ट्रायपॉड रोवायचा, भिंतींच्या कडा ओळंब्यात आणायच्या, खिडकीतला समुद्र आणि आतला सोफा दोन्ही दिसावेत म्हणून एकाच जागेवरून कमी-जास्त उजेडाचे तीन-चार फोटो घ्यायचे. तिथल्या आर्ट डेको इमारती २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्या, त्यामुळे त्यांच्या गोलाईदार बाल्कन्या फोटोत आल्याच पाहिजेत असा मालकांचा आग्रह. फोटो देखणे येतात. घर कुणाचं, ते मात्र त्यात शोधून सापडत नाही.

मी स्वतः राहतो भिवंडीत. इथे समुद्र दिसत नाही, भरतीबरोबर खाडीतून कामवारी नदीत शिरतो, तोही काळपट होऊन. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याणबरोबर घेतलेली भिवंडी बंदराची होती. आज बंदर म्हणायचं तर बंदर मोहल्ल्याच्या नावात.

गेल्या पावसाळ्यात पद्मानगरातल्या एका काकूंकडे गेलो होतो. माहेर-सासर दोन्ही तेलुगू, मराठी मात्र आपल्यासारखं. घर पाडायचं ठरलं होतं, त्याआधी मुलाला फोटो हवे होते. खाली आठ माग, वर दोन खोल्या. सवयीनं मी ओट्यावरचा तेलाचा डबा उचलला तर काकू म्हणाल्या, "तो कुठं नेतोस? मला लागतो तो." ठेवला परत.

खोलीत उजेड बेताचा, म्हणून शटर पाव सेकंद उघडं ठेवलं. फोटोत प्रत्येक कड दुहेरी! खाली धोटा इकडून तिकडे फेकला जातो आणि प्रत्येक फेरीला फणी सूत ठोकते, एकेका मागावर मिनिटाला शंभराहून जास्त वेळा. आठ माग, आठांचा ठेका वेगळा. तो सगळा जमिनीतून ट्रायपॉडच्या पायांत येत होता. आयएसओ वाढवला तर शटर लवकर मिटतं, पण अंधाऱ्या कोपऱ्यात दाणे उठतात, आणि या घरात कोपरेच जास्त. वीसेक फोटो वाया गेले.

"हादरतं का हो फार?" मी विचारलं.

"कुठं? आम्हाला तर काही कळत नाही," म्हणत त्यांनी फळीवरची भांडी मागे सारली. सकाळपासून ती पुढे सरकत आली होती. पडू नयेत म्हणून फळीच्या कडेला लाकडी पट्टीही ठोकलेली. हे रोजचंच असावं. त्यांचा हात न बघता जात होता.

तेवढ्यात वीज गेली. माग एकेक करत थांबले आणि काकू दचकून दाराशी आल्या, "काय झालं?" पाळण्यातलं नातवंड, जे इतका वेळ गाढ झोपलं होतं, उठून रडायला लागलं. मी घाईनं खिडकीच्या उजेडात शटर चार सेकंद उघडं ठेवलं. फळी, भांडी, देवघर, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं लख्ख.

त्यांना दाखवला. चष्मा लावून बराच वेळ पाहत राहिल्या.

"हे लक्ष्मीपूजनाच्या दिवशीचं वाटतं," म्हणाल्या. "त्या दिवशी माग बंद असतात ना."

मग वीज आली, नातवंड गप्प झालं, आणि मी पुन्हा एकदा पाव सेकंदावर शटर लावलं.