सीएसटीचा पत्ता

ऑपरेशन थिएटरमध्ये याला पूर्ण नावाने कुणी हाक मारत नाही. कॉर्टिकोस्पायनल ट्रॅक्ट म्हणायला सवड कुणाला आहे? सगळे सीएसटी म्हणतात. मुंबईतल्या सीएसटीचं नाव बदललं, पण ते जागचं हललं नाही. या गृहस्थाचं उलटं: नाव तेच, जागेचा भरवसा नाही.

तसा हा तंतूंचा जुडगा मोठ्या हुद्द्याचा. हालचालींचे हुकूम सुटतात त्या मेंदूच्या माथ्यावरून निघायचं, इंटर्नल कॅप्सूलच्या चिंचोळ्या खिंडीतून उतरायचं, मेंदूच्या देठाशी बहुतेक तंतूंनी बाजू बदलायची आणि पाठीच्या कण्यात शिरायचं. डाव्या मेंदूचा हुकूम उजव्या बोटाला पोचतो तो असा. शर्टाचं बटण लावणं, सुईत दोरा ओवणं, ही बारीक कामं याच्याच भरवशावर. दिसायला मात्र काही म्हणजे काही नाही. पांढरट, मऊ, आणि शेजारपाजारही तसाच पांढरट. मायक्रोस्कोपमधून बघणाऱ्या सर्जनलाही हा कुठे सुरू होतो ते कळत नाही. एमआरआयवरून काढलेल्या नकाशात तेवढा ऐटीत निळा असतो, कारण वर-खाली धावणाऱ्या तंतूंना निळा रंग द्यायचा संकेत आहे.

स्वभाव सोशिक. शेजारी ट्यूमर हळूहळू वाढत असेल तर हा अनेकदा सरकून जागा देतो, वाकतो, पसरट होतो, आणि तरी हात चालू ठेवतो. घोळ होतो तो पुढे. मेंदूवरचं आवरण, म्हणजे ड्यूरा, उघडली की मेंदूभोवतीचं पाणी वाहून जातं आणि त्यावर तरंगणारा मेंदू स्वतःच्या वजनाने खचतो. ट्यूमर आतून पोखरला की दाब सुटतो, आणि इतके दिवस अंग चोरून बसलेला हा रिकाम्या जागेकडे झुकतो. कधी सूज येते, मग सगळंच वर फुगतं. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या सर्जनांनी ऑपरेशन चालू असतानाच एमआरआय करून ३७ रुग्णांत असे मार्ग किती सरकतात ते मोजलं. २००५ साली प्रसिद्ध झालेले आकडे असे: कुणात ८ मिलिमीटरपर्यंत आत, कुणात १५ मिलिमीटरपर्यंत बाहेर. दिशासुद्धा एक नाही! सर्जनला वाट दाखवणाऱ्या नॅव्हिगेशनच्या पडद्यावर मात्र ऑपरेशनआधीच्या नकाशातली, सकाळचीच निळी रेघ ठाम. मला विचाराल तर लबाड ती रेघ आहे, हा नव्हे.

म्हणून त्यालाच विचारत जावं लागतं. सर्जन बारीक प्रोब टेकवून विजेचा हलका झटका देतो. रुग्ण झोपेत, पण अंगठ्याच्या स्नायूत खुपसलेल्या सुया उत्तर टिपतात. भूलतज्ज्ञ अशा वेळी स्नायू सैल करणारं औषध टाळतात, नाहीतर याची बोलतीच बंद. एक मिलिअँपिअर म्हणजे साधारण एक मिलिमीटर, हा ठोकताळा. दहावर अंगठा हलला, तर अजून सेंटिमीटरभर मोकळीक. पाचवर हलला की हात मंदावतो. तीन-दोनवर बरेच सर्जन थांबतात, थोडा ट्यूमर मागे राहिला तरी. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या मंडळींनी तर सक्शनच्या टोकातूनच करंट सोडला, म्हणजे शोषताना विचारपूस चालूच.

याला तोडलं तर हा माफ करत नाही. नुसता दुखावला तर हात काही आठवडे लुळा ठेवून पुन्हा कामाला लागू शकतो. टाके निघाल्यावरही सरकणं संपत नाही. पोकळी आक्रसते तसा हाही हलतो, म्हणून रेडिओथेरपीचा आराखडा आखायला डॉक्टर नवा एमआरआय मागतात. रुग्णाचे नातेवाईक जुनी फिल्म पुढे करतात. ती फाइलला लागते.