लोखंड जुने, रबर नवे

जुन्या स्पोर्ट्स गाडीचे ब्रेक सुधारायचे म्हणजे बहुतेक वेळा पुढच्या चाकांवरचे ड्रम उतरवून तिथे डिस्क आणि कॅलिपर बसवायचे. नवे भाग मिळत नाहीत किंवा परवडत नाहीत, म्हणून वापरलेले शोधावे लागतात. भारतात या खटाटोपाला सर्वांत योग्य गाडी स्टँडर्ड हेराल्ड. ती स्वतः स्पोर्ट्स गाडी नव्हे; डॉक्टरांच्या, वकिलांच्या दारात उभी असायची ती साधी दोन दारांची गाडी. पण १९५९ साली इंग्लंडात आलेल्या ट्रायम्फ हेराल्डचीच चासी आखूड करून १९६२ मध्ये ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन आसनांची उघडी गाडी निघाली. दोघींची अंगकाठी इटलीच्या जोव्हान्नी मिकेलोत्तीने रेखाटलेली. स्पिटफायरला जन्मापासून पुढे डिस्क ब्रेक होते. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सची हेराल्ड १९६१ पासून रस्त्यावर आली ती मात्र चारही चाकांना ड्रम घेऊन. म्हणून हे काम धाकट्या बहिणीचे दागिने थोरलीच्या अंगावर घालण्यासारखे आहे: मापे बरीचशी जुळतात, जुळत नाही तिथे सोनार लागतो.

ब्रेकची गरज कळायला मिसरोदहून दक्षिणेला निघावे. भोपाळच्या टोकाचे हे गाव आता शहरातच जमा आहे. इथून नर्मदापुरमचा रस्ता मंडीदीप, ओबेदुल्लागंजपर्यंत निवांत जातो आणि पुढे जंगलातून बुदनीच्या घाटाने नर्मदेकडे उतरतो. ८०० किलोची गाडी ताशी ८० किलोमीटरवरून पूर्ण थांबवली की सुमारे दोन लाख ज्यूल उष्णता तयार होते. सहाशे मिलिलीटर पाण्याला उकळी फुटेल एवढी. घाटात गाडी गिअरवर न धरता नुसत्या ब्रेकवर सोडली, तर दर १०० मीटर उतरणीला अशी उष्णता चार वेळा निघते. ड्रममध्ये ती कोंडते. ड्रम तापून फुगतो आणि शूपासून दूर सरतो, तापलेल्या लायनरची पकड कमी होते, पॅडल खाली खाली जाऊ लागते. पावसाळ्यात दुसरी तऱ्हा: पाण्यातून गाडी काढली की ड्रम आत पाणी धरून बसतो आणि पुढचे दोनचार ब्रेक नुसते नावाचे लागतात. डिस्क उघड्यावर फिरते. पाणी फेकून देते, वाऱ्यावर निवते.

शर्यतीच्या जगाला हे १९५३ साली पटले. त्या वर्षी डनलॉपच्या डिस्क लावलेली जॅग्वार सी-टाइप ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली. १९५६ मध्ये ट्रायम्फच्या टीआर-३ला गर्लिंगच्या डिस्क आल्या आणि ही चीज सामान्य गिऱ्हाइकाच्या आवाक्यात आली. तरी डिस्कचे कौतुक बेतानेच करावे. चांगल्या स्थितीतला ड्रमही चाक जागच्या जागी जाम करू शकतो, आणि चाक जाम झाल्यावर गाडी किती अंतरात थांबेल ते टायर ठरवतो. डिस्कचा फायदा पहिल्या ब्रेकला दिसत नाही, दहाव्याला दिसतो. ज्यांची हेराल्ड रविवारी सकाळी नाष्ट्यापुरतीच बाहेर पडते त्यांनी ड्रम नीट करून घेतले तरी पुष्कळ.

भाग मिळण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. चेन्नईचे पुदुपेट्टै, मुंबईचे कुर्ला, पुण्याचा बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, आणि भोपाळच्या जुन्या शहरातला कबाडखाना. १९५६ साली मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला आली तेव्हा नागपूरच्या सचिवालयातली बरीच मराठी कुटुंबे इकडे आली. त्यांच्या नातवंडांची इथली घासाघीस ‘को खां’ने सुरू होते आणि अस्सल भोपाळीतच संपते. पण स्पिटफायरचे भाग अशा बाजारात नशिबानेच सापडतात. ते बहुधा इंग्लंडहून येतात, सुट्टीवर येणाऱ्या भाच्याच्या बॅगेतून. दोन डिस्क, दोन कॅलिपर आणि ब्रॅकेट एवढ्यातच विमान कंपनीने दिलेल्या वजनाचा मोठा वाटा जातो, आणि मामीची चॉकलेटे मागे राहतात.

खरेदीचा नियम एकच: लोखंड जुने चालते, रबर चालत नाही. कॅलिपरचे धड, ब्रॅकेट, हब ही बिडाची आणि पोलादाची कामे चाळीस वर्षांनीही तशीच असतात. होज पाइप, सील, डस्ट कव्हर हे मात्र वरून धड दिसले तरी आतून कुजलेले समजावेत. कॅलिपरमधले चौकोनी काटछेदाचे सील तर दुहेरी काम करते. ते तेल अडवते आणि पॅडल सोडल्यावर पिस्टनला केसभर मागेही ओढते. ते ताठरले की पॅड डिस्कला घासत राहते, ब्रेक चिकटतो, चाक तापते. पिस्टन बाहेर काढून उजेडात फिरवून पाहावा. क्रोमखाली गंजाचे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे नखाला लागले तर तो पिस्टन टाकून द्यावा. नवे सील अशा पिस्टनवर टिकत नाही. जुन्या शूच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, त्यामुळे ड्रममधली धूळ फुंकून उडवण्याची सवय सोडून ती ओल्या फडक्याने पुसावी.

डिस्क हा यातला सर्वांत बोलका भाग. बाहेरच्या कडेला पॅड पोचत नाही, तिथे एक ओठ उरतो. त्या ओठावर बोट ठेवून आत उतरवले की डिस्क किती झिजली ते मायक्रोमीटर काढण्याआधीच कळते. निळसर डाग म्हणजे कोणीतरी ती उतारावर भाजलेली. बोल्टांच्या भोकांपासून निघालेली बारीक चीर दिसली तर भाव करण्याचीही गरज नाही. डायल गेज लावून फिरवल्यावर ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त लचकत असेल तर ती लेथवर घ्यावी लागते, आणि लेथवर घेतल्यानंतरही किमान जाडी उरली पाहिजे.

ही डिस्क करड्या बिडाची असते. सव्वातीन-साडेतीन टक्के कार्बन विरघळलेला लोखंडाचा रस सावकाश निवतो तेव्हा तो कार्बन ग्रॅफाइटच्या वाकड्यातिकड्या पापुद्र्यांच्या रूपाने वेगळा होतो. पॉलिश केलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर करड्या जमिनीवर काळे किडे पसरल्यासारखे दिसतात. या पापुद्र्यांमुळे बीड ठिसूळ होते. हातोड्याने फुटते, वाकत नाही. पण त्यांच्याचमुळे ते उष्णता झपाट्याने वाहून नेते आणि थरथर गिळते. पोलादाची डिस्क घंटेसारखी वाजली असती; बीड नुसते खाकरते. कोल्हापूरच्या शिरोळीतल्या फाउंड्र्यांनी वाहन कारखान्यांना असे बीड पिढ्यान्‌पिढ्या ओतून दिले आहे. वाळूच्या साच्यात रस किती वेगाने निवतो यावर पापुद्र्याची लांबी ठरते, आणि तिच्यावर डिस्कचा स्वभाव. मोडीत गेलेली डिस्क पुन्हा त्याच भट्टीत जाते, त्यामुळे आजच्या एखाद्या पंपाच्या धडात जुन्या गाडीचा ब्रेक असण्याची शक्यता कमी नाही. मिसरोदच्या पुढचे स्टेशन मंडीदीप. तिथल्या हेग कंपनीच्या कारखान्यात ग्रॅफाइटचे खांबाएवढे इलेक्ट्रोड बनतात, ज्यांच्या ठिणगीवर देशोदेशीच्या भट्ट्यांत पोलादाची मोड वितळते. डिस्कमध्ये पापुद्र्याएवढा असलेला पदार्थ इथे ट्रकवर लादला जातो. लोखंडाला ठिसूळ करणारा आणि वितळवणाराही तोच. ब्रेकच्या चोपड्यांत त्याचे नाव क्वचितच येते, हा अन्याय आहे. पावसात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर सकाळी केशरी गंज चढलेला असतो. पहिला ब्रेक दाबला की तो खरवडून जातो आणि खालून पुन्हा तोच पेन्सिलीचा रंग निघतो.

बसवताना हेराल्ड मदत करते. तिचे बॉनेट मडगार्डांसकट पुढे कलते. मिस्त्री चक्क टायरवर बसून काम करू शकतो. खरी काळजी मापांची. हेराल्डच्या चार स्टडांच्या वर्तुळाचा व्यास पावणेचार इंच आहे, त्यामुळे मारुतीचे किंवा फियाटचे हब सरळ बसत नाही. ब्रेक पाइपच्या नटांचे त्याहून वाईट. इंग्रजी नट ३/८ इंची, जपानी १० मिलिमीटरचा. फरक अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. इंची नट १० मिलिमीटरच्या भोकात सैलसा का होईना पण जातो, दोनचार आटे पकडतो, आणि जोराचा ब्रेक लागेल त्या दिवशी सुटतो. जुन्या भागांच्या ढिगातून घेतलेला प्रत्येक नट थ्रेड गेजने तपासावा, तो याचसाठी.

पुढची पकड वाढली की मागचा हिशेब बदलतो. ड्रमसाठी बनवलेल्या काही मास्टर सिलिंडरांत पाइपातला थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो तसाच राहिला तर डिस्कचे पॅड सुटत नाहीत. ड्रमचा शू फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच ओढला जाऊन जोर वाढवतो, डिस्कला ती सोय नाही, म्हणून पॅडल जड लागते. त्यावर पायाचा जोर वाढवणारा सर्व्हो बसवण्याआधी काही दिवस पायाला सवय होऊ द्यावी. कॅलिपरला लाल रंग फासण्याने यातले काहीच बदलत नाही.

कायद्याचे असे: मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ने गाडीतल्या बदलांवर बंधने घातली आहेत. ५० वर्षांहून जुन्या गाडीला २०२१च्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेतला व्हिंटेज क्रमांक मिळतो, तो चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार नसेल तरच. त्यामुळे वेल्डिंग टाळावे, सगळे बोल्टावर बसवावे आणि उतरवलेले ड्रम तेल लावून माळ्यावर ठेवावेत.

शेवटी हवा काढणे: मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात, बुडबुडे थांबेपर्यंत. डॉट-४ तेल कोरडे असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. हवेतले पाणी शोषले की ही मर्यादा १५५पर्यंत घसरू शकते. नवे पॅड डिस्कवर बसेपर्यंत काही शे किलोमीटर मध्यम ब्रेकच लावावेत आणि तापलेल्या डिस्कवर पॅडल दाबून उभे राहू नये. पहिल्या फेरीनंतर प्रत्येक जोड कोरड्या कागदाने पुसून गळती पाहावी. त्यानंतर दर दोन वर्षांनी तेल बदलावे.