तारापूरचा किल्ला आणि एका सुनेची गोष्ट

पालघरच्या हुतात्मा स्तंभापासून प्रवास सुरू करावा. 14 ऑगस्ट 1942 रोजी कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण शहीद झाले. सातपाटीचे काशिनाथ पागधरे, नांदगावचे गोविंद ठाकूर, पालघरचे रामप्रसाद तिवारी, मुरब्याचे रामचंद्र चुरी आणि सालवडचे सुकुर मोरे. यांच्याभोवती कुठलीही दंतकथा नाही. नाव, गाव आणि तारीख, एवढेच.

तिथून लोकलने बोईसर. बाहेर शेअर रिक्षा मिळते. औद्योगिक वसाहतीचा रासायनिक वास नाकात शिरतो. सुकुर मोरेंचे सालवड याच भागातले, पण कारखान्यांच्या गर्दीत ते लक्षात येत नाही. पुढे तारापूर. देशाला हे नाव माहीत आहे ते 1969 साली सुरू झालेल्या पहिल्या अणुवीज केंद्रामुळे. गावातल्या जुन्या किल्ल्याकडे मात्र फारसे कोणी वळत नाही.

हा किल्ला पोर्तुगिजांचा. जानेवारी 1739 मध्ये चिमाजीअप्पांच्या फौजेने तो घेतला. हातघाईची लढाई झाली, शिबंदीतले बहुतेक कापले गेले. मराठ्यांचे सरदार बाजी भिवराव इथेच पडले. शत्रू शौर्याने लढला, अशी कबुली चिमाजीअप्पांनी आपल्या पत्रात दिल्याचे ग्रँट डफने नोंदवले आहे. त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली.

वसई म्हटले की एक गोष्ट हमखास ऐकू येते. पोर्तुगीज सुभेदाराच्या घरातली सुंदर स्त्री हाती लागली आणि चिमाजीअप्पांनी तिला सन्मानाने परत पाठवले. अगदी अशीच गोष्ट शिवाजी महाराजांची आणि कल्याणच्या मुस्लिम सुभेदाराच्या सुनेची. नायक वेगळा, ऐंशी वर्षांचे अंतर, पण साचा एकच.

आपल्या घरांत हदीस ऐकली की वडीलधारे विचारतात, रावी कोण, सनद काय? इतिहासालाही हाच प्रश्न विचारावा. कल्याणच्या सुनेची गोष्ट समकालीन कागदांत सापडत नाही. सभासदाच्या बखरीतही नाही. राष्ट्रीय चळवळीच्या काळात लोकांना चारित्र्यवान नायक हवा होता, तेव्हा ती नाटकांतून, धड्यांतून, चित्रांतून घरोघरी गेली. पुढे सावरकरांनी 'सहा सोनेरी पाने' या पुस्तकात याच दोन गोष्टी घेतल्या आणि उलटा निष्कर्ष काढला: शत्रूच्या स्त्रियांना असे सोडणे ही चूक होती! एकाने गोष्ट गौरवासाठी सांगितली, दुसऱ्याने सूडाच्या समर्थनासाठी. ती घडली का, हे दोघांपैकी कोणी तपासले नाही.

मग या नायकांचे मोठेपण खोटे का? मुळीच नाही. त्याचा पुरावा दुसरीकडे आहे आणि तो अधिक भक्कम आहे. खाफीखान हा मोगलांचा इतिहासकार. महाराजांबद्दल तो शिवराळ भाषेत लिहितो. तरीही त्याच्या 'मुंतखब-उल-लुबाब'मध्ये नोंद आहे की मशिदींना, कुराणाला आणि स्त्रियांना धक्का लावू नये असा महाराजांचा नियम होता. कुराणाची प्रत हाती आली तर ते ती आदराने आपल्या मुस्लिम माणसाकडे देत. विरोधकाने दिलेली ही साक्ष हजार पोवाड्यांच्या तोडीची आहे. वसईच्या बाबतीत तहाचा कागद आहे. शिबंदीने कुटुंबकबिल्यासह, मालमत्तेसह सुखरूप निघून जावे, मागे राहणाऱ्या ख्रिश्चनांना आपला धर्म पाळता यावा, अशा त्याच्या अटी होत्या.

गोष्टीत एकच सुंदर स्त्री वाचते, तीही नायकाच्या मनाचा मोठेपणा दिसावा म्हणून. नियमात आणि तहात मात्र सगळ्यांचीच अब्रू राखली जाते, सुंदर असो वा नसो, सुभेदाराची सून असो वा शिपायाची बायको. गोष्टीत दुसऱ्या बाजूचा माणूस दयेस पात्र ठरतो, नियमात तो हक्कदार असतो. आणि तारापूरची कत्तल लक्षात ठेवली की नायकही माणूसच होता, युद्ध हे युद्धच होते, हेही कळते.

आपली मुले शाळेत शिवजयंतीची भाषणे ऐकतात. कधी महाराज मुस्लिमांचे वैरी म्हणून सांगितले जातात, कधी आपणच घाईने त्यांना दंतकथेतून 'आपले' करायला जातो. दोन्ही टाळावे. मुलाने गोष्ट आणली तर त्याला तीनच प्रश्न विचारावेत: हे प्रथम कोणी लिहिले? घटनेनंतर किती वर्षांनी? आणि सांगणाऱ्याला त्यातून काय हवे होते? उर्दूत 'तारीख' म्हणजे दिवसाचा आकडाही आणि इतिहासही. एकाच शब्दात दोन्ही आहेत, ही आठवण मुलांना जरूर द्यावी.

सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन बोईसर-तारापूरला जा. आधी पालघरला उतरा आणि ती पाच नावे त्यांना मोठ्याने वाचायला लावा.