तुम्ही तिथं शिकलात का?

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी सकाळी अकराला सत्यनारायण आहे, असा निरोप आला तेव्हा मला वाटलं, तारीख लिहिताना चूक झाली असणार. त्या शनिवारी दुपारी बाराला मिशिगन आणि ओहायो स्टेट या विद्यापीठांचा फुटबॉल सामना, आणि यंदा तो इथं, ॲन आर्बरमध्ये. मी फोन करून सांगितलं, संध्याकाळी तीर्थप्रसादाला नक्की येतो. यजमान पुण्याकडचा तरुण मुलगा आहे, इथं येऊन त्याला जेमतेम वर्ष झालंय. त्यानं सरळ मनानं विचारलं, "काका, तुम्ही तिथं शिकलात का?" नाही. "मग मुलं?" तीही नाहीत. "मग?"

हा 'मग' चार दिवस झाले तरी मनातून जात नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

इथले लोक हाच प्रश्न जास्त बोचरा करून विचारतात. ज्यांनी विद्यापीठाची पायरी चढली नाही अशा आमच्यासारख्यांना मिशिगन स्टेट या राज्यातल्याच दुसऱ्या विद्यापीठाचे लोक 'वॉलमार्ट वूल्वरीन' म्हणतात. वूल्वरीन्स हे आमच्या संघाचं नाव. दुकानातून टीशर्ट घेतला, तेवढंच यांचं विद्यापीठाशी नातं, असा त्याचा अर्थ. मला हे अजिबात मान्य नाही, आणि त्याचं कारण कोल्हापूर आहे.

आमचं घर शिवाजी पेठेत. शाहू स्टेडियमवर फुटबॉलमध्ये शिवाजी तरुण मंडळाची गाठ पाटाकडील तालमीशी असली की आबा दुपारीच दुकानाचं शटर ओढायचे. आबांनी जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता. पण संघ हरला तर रात्री ताटावरून अर्धपोटी उठायचे. तुमचा काय संबंध, असं त्यांना कुणी कधी विचारलं नाही. पेठेत राहतो म्हणजे संघ आपला, यापलीकडे सांगण्यासारखं काही नव्हतंच. इथला फुटबॉल वेगळा, चेंडू काखेत धरून पळायचा. पण मागची माणसं मला पहिल्याच दिवशी ओळखीची वाटली.

मैदानही ओळखीचं वाटलं. मिशिगन स्टेडियम, ज्याला सगळे बिग हाउस म्हणतात, ते १९२७ साली जमीन खणून बांधलं. पूर्व-पश्चिमेला २०१० मध्ये उंच इमारती झाल्या, पण मूळ स्टेडियम बहुतेक जमिनीच्या पोटात आहे. तुम्ही रस्त्याच्या पातळीवरून फाटकातून आत शिरता आणि पायाखाली अचानक एक प्रचंड वाडगं उघडतं. मी पहिल्यांदा शिरलो तेव्हा तोंडातून निघालं, "अरे, हे तर खासबाग!" शाहू महाराजांनी रोममधलं प्राचीन क्रीडागार पाहून येऊन कुस्तीसाठी खासबाग मैदान बांधलं, ते १९१२ साली पुरं झालं. तिथंही असंच. वरून आत यायचं, उतारावर बसायचं आणि खाली मधोमध लाल मातीचा हौद. पुढच्याचं डोकं आड येत नाही. राजा असो की हमाल, सगळ्यांची नजर खालच्या त्या एका जागेकडे. इथं हे काम फील्डिंग योस्ट या माणसानं केलं. सुरुवातीला ७२,००० लोकांची बैठक होती, पण पुढं लाखाच्या वर वाढवता येईल असा पाया त्यानं तेव्हाच घालून घेतला. आज १,०७,६०१ माणसं बसतात. गावाची वस्ती सव्वा लाखाच्या आसपास. करोनाचं २०२० साल सोडलं तर नोव्हेंबर १९७५ पासून इथल्या एकाही सामन्याला लाखाच्या आत गर्दी झालेली नाही. एवढी माणसं पदवीधरांतूनच येतात, असं ज्याला वाटतं त्यानं एकदा त्या बाकावर बसून बघावं.

बसायचं तर तयारीनं. बाक ॲल्युमिनियमचे, आणि नोव्हेंबरात ते अंगातली ऊब ओढून घेतात. मी घोंगड्याची चौपदरी घडी घालून बसतो. आईनं पाठवलेलं घोंगडं आहे, त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण खरी थंडी खालून, काँक्रीटमधून येते. बूट कितीही चांगले असोत, तासाभरात बोटं बधिर होतात. त्यावर उपाय म्हणजे पायाखाली जाड पुठ्ठा. खोक्याचा, दोन पदरी, दोन्ही पाय मावतील एवढा. हे मला शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं शिकवलं. इप्सिलँटीच्या मोटार कारखान्यात त्याची उमर गेली, कॉलेजचं तोंड त्यानंही पाहिलेलं नाही. माझ्या पहिल्या नोव्हेंबरात त्यानं माझ्या बुटांकडं पाहिलं, काही न बोलता आपला पुठ्ठा मधोमध फाडला आणि अर्धा माझ्याकडं सरकवला. मोजे लोकरीचे हवेत, आणि दोन जोड घालायचे तर बूट एका मापानं मोठे. पाय आवळले की रक्त फिरत नाही.

२७ नोव्हेंबर २०२१ ला आम्ही दोघं त्याच बाकावर होतो. बर्फ पडत होता. २०१२ ते २०१९ सलग आठ वेळा ओहायो स्टेटकडून हरलो होतो आणि २०२० चा सामना झालाच नव्हता. त्या दिवशी आमच्या हसन हॅस्किन्सनं पाच टचडाउन केले. ४२-२७ वर खेळ संपला आणि पोरं कठड्यावरून उड्या टाकून मैदानात धावली. म्हातारा उठला नाही. डोक्यावरची लोकरीची टोपी काढून त्यानं तोंडावर धरली आणि तसाच बसून राहिला. त्याच्या पांढऱ्या केसांवर बर्फ साठत होता. मी पाठीवर हात ठेवला, तर कोटाच्या आत त्याचा श्वास थरथरताना लागला.

याच विद्यापीठाच्या बास्केटबॉलबद्दल मला एकच गोष्ट मनापासून म्हणायची आहे. १९९२ आणि १९९३, लागोपाठ दोन वर्षं 'फॅब फाइव्ह' म्हणून गाजलेल्या पाच पोरांचा संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि हरला. पुढं खेळाडूंनी पैसे घेतल्याच्या प्रकरणात २००२ साली विद्यापीठानं त्या दोन वर्षांचे बॅनर उतरवले. नियम मोडला गेला, हे खरं. पण त्या पोरांच्या जिवावर तिकिटं आणि टीशर्ट विकून सगळे मोठे झाले आणि पोरांना हक्कानं छदाम मिळत नव्हता, हेही तितकंच खरं. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर उघडपणे कमावता येतं. आता तरी ते बॅनर परत लावावेत.

पण माझा जीव आइस हॉकीत आहे. हॉकी जिथं होते ती योस्टच्याच नावाची विटांची इमारत १९२३ ची, आत बर्फ आला १९७३ मध्ये. जेमतेम ५,८०० माणसं. पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, फळीवर आपटला की तो आवाज आपल्या बाकातून अंगात शिरतो. देशाची नऊ अजिंक्यपदं या संघाकडं आहेत. २०२४ साली डेन्व्हरनं दहावं जिंकेपर्यंत याहून जास्त कुणाकडं नव्हती. त्यातली शेवटची दोन, १९९६ आणि १९९८ ची, रेड बेरेनसनच्या हाताखाली आली. इथंच विद्यार्थी म्हणून खेळलेला हा माणूस एनएचएल गाजवून परत आला आणि १९८४ पासून तेहतीस वर्षं त्यानं ही पोरं घडवली. आमच्याकडं वस्ताद म्हणतात तो हाच. ११ डिसेंबर २०१० ला तर हॉकीच बिग हाउसमध्ये नेली होती. फुटबॉलच्या मैदानावर बर्फ गोठवला आणि मिशिगन स्टेटला ५-० हरवलं. गिनीजनं माणसं मोजली, १,०४,१७३.

सत्यनारायणवाल्या त्या मुलाला काल पुन्हा फोन केला. म्हटलं, तुझ्या 'मग'चं उत्तर फोनवर देता येणार नाही. पुढच्या शुक्रवारी माझ्याबरोबर योस्टला चल. तिकीट परवडतं, गाडी लांब लावून चालत जाऊ, आत बर्फ आहे तेव्हा स्वेटर घाल. तो म्हणाला, "येतो काका, पण मला नियम माहीत नाहीत." म्हटलं, आबांनाही ऑफसाइड शेवटपर्यंत कळला नाही. तिथं आवडलं तर पुढच्या वर्षी फुटबॉललाही ये. मोजे दोन जोड आण, पुठ्ठा माझ्याकडं दोघांना पुरेल एवढा आहे.