मेटॅडोरचा हीटर आणि आईचं पित्त

आमच्या मेहकरच्या घरी एक जुनी डिझेल मेटॅडोर आहे. बाबांचा भारी जीव तिच्यावर. तिला हीटर नाही, पण इंजिन दोन सीटांच्या मधेच, झाकणाखाली. डिसेंबरात पहाटे शेगावला निघालं की बाबा झाकणाची एक क्लिप सैल करतात. "फुकटचा हीटर! घे, पाय शेक."

आईचं डोकं मात्र खामगाव येईपर्यंत ठणकायला लागायचं. वर मळमळ. सगळ्यांचं निदान एकच, पित्त! मीसुद्धा पुण्याहून फोनवर सांगायचो, "गोळी घे." गेल्या हिवाळ्यात सोबत गेलो, तर माझंही डोकं धरलं. आणि मला तर पित्त नाही...

तर मंडळी, बग शोधायचा तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पहिला संशय मागच्या दारावर. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो, तिथला धूर फटीतून आत ओढला जातो. फटींना चिकटपट्टी लावली. वास तसाच. मग अंगणात उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवलं. तरी वास! म्हणजे गळती पुढेच. मिस्त्री म्हणाले, "जुनी गाडी आहे साहेब, वास तं येईनच."

शेवटी इंजिन थंड असताना सायलेन्सरच्या नळीत व्हॅक्यूम क्लीनरने हवा सोडली आणि सांध्यांवर साबणाचं पाणी टाकलं. मॅनिफोल्डच्या गॅस्केटपाशी बुडबुडेच बुडबुडे! शेजारी काजळीचा ओघळ होता, तो आम्ही तेलाचा समजायचो.

जुन्या एअर-कूल्ड फोक्सवॅगनमध्ये हीटरची हवा एक्झॉस्टच्या गरम नळ्यांवरूनच आत येते. नळी गंजून भोक पडलं की धूरही आत. आमचा जुगाड त्यातलाच. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो, आणि हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो. डिझेलच्या धुरात तो पेट्रोलपेक्षा कमी असतो खरा, पण काचा बंद करून बसल्यावर तेवढाही नको.

गॅस्केट बदललं, झाकणाला नवं रबर लावलं, क्लिप घट्ट केली. वासावर भरवसा नको म्हणून एक छोटा अलार्मही बसवला. "आता पाय गारठणार," बाबा कुरकुरले.

त्यानंतर दोनदा शेगाव झालं. आईचं डोकं दुखलं नाही. पित्ताच्या गोळ्या मात्र अजून पर्समध्ये आहेत. असो!